डब्यांपासून इंजिनाकडे

मालगाडीचा जुना फोटो समोर आला की नजर आधी इंजिनावर जाते, मग इंजिनाच्या नंबरावर, आणि तिथेच थांबते. मागे जोडलेल्या साठ-सत्तर वाघिणी वळणाआड निघून गेलेल्या असतात. त्यांच्याकडे कोणी फारसे बघत नाही. डिझेल इंजिनांच्या काळातल्या मालगाड्यांच्या छायाचित्रांचे हे पुस्तक वाचकाला सांगते की सुरुवात त्या वाघिणींपासून करा. संपादकांचा हा आग्रह मला पूर्णपणे पटतो. प्रवासी गाडीच्या फोटोतून माणसे कुठे निघाली होती ते कळते. मालगाडीच्या फोटोतून एखादा मुलूख काय पिकवत होता, काय खणत होता, काय जाळत होता आणि कोणाला विकत होता ते कळते. इंजिन हे सगळे ओढते म्हणून ते महत्त्वाचे आहेच. पण त्याच्यावर कसला भार आहे हे पाहिल्याशिवाय इंजिनाचाही फोटो पुरता दिसत नाही.

पुस्तकातली बहुतेक चित्रे अमेरिकेतली आहेत, साधारण १९४० ते १९८० या चार दशकांतली. शेवटचा लहानसा भाग भारतातला आहे. मराठी वाचकासाठी अमेरिकेपासून सुरुवात कशाला, असे कोणी विचारील. डिझेलने मालगाडी ओढण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर तिथे रुजली, तिचे फोटो काढण्याची शिस्तही तिथेच घडली, आणि पुणे, दौंड, मिरजेच्या फलाटांवरून आपण वर्षानुवर्षे जे इंजिन पाहिले त्याचे मूळही तिथलेच.

नोव्हेंबर १९३९ मध्ये शिकागोजवळच्या ला ग्रेंजच्या कारखान्यातून १०३ नंबरचे एक इंजिन बाहेर पडले. जनरल मोटर्सच्या इलेक्ट्रो-मोटिव्ह कंपनीने ते खास मालगाड्यांसाठी बनवले होते. एकाला एक जोडलेले चार भाग, प्रत्येकात १६ सिलिंडरांचे इंजिन, सगळे मिळून ५,४०० अश्वशक्ती. 'एफटी' या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या या इंजिनाला कंपनीने सुमारे वर्षभर देशभर फिरवले : २० रेल्वे कंपन्या, ३५ राज्ये, ८३,७६४ मैल. ज्या घाटांत वाफेच्या दोन-दोन, तीन-तीन इंजिनांची दमछाक होई तिथे याने पूर्ण भाराच्या गाड्या चढवून दाखवल्या.

वाफेच्या इंजिनाला ठरावीक अंतरावर पाणी लागते, कोळसा किंवा तेल लागते, राख काढावी लागते, बॉयलर धुवावा लागतो. अॅरिझोनाच्या वाळवंटातून जाणाऱ्या सँटा फे रेल्वेला तर इंजिनांना पाजायचे पाणीच टाक्यांच्या वाघिणींतून लांबून आणावे लागे. पाणी वाहून नेण्यासाठी गाड्या चालवायच्या आणि त्या गाड्यांच्या इंजिनांनाही पुन्हा पाणी द्यायचे, असा तो फेरा होता. डिझेलने तो एका फटक्यात तोडला. सँटा फेने एफटीचे ३२० भाग घेतले, इतर कोणत्याही कंपनीपेक्षा जास्त. दुसरे महायुद्ध संपल्यावर बाकीच्या कंपन्याही त्याच वाटेने गेल्या आणि १९६० उजाडेपर्यंत अमेरिकेच्या मुख्य मार्गांवरून वाफ जवळपास नाहीशी झाली. शंभर वर्षांत उभी राहिलेली पाण्याच्या टाक्यांची, कोळशाच्या मनोऱ्यांची, गोल शेडांची एक संपूर्ण व्यवस्था वीस वर्षांत मोडीत निघाली.

हे घडत असताना कॅमेरे बरेचसे दुसरीकडे वळलेले होते. रेल्वेचे फोटो काढणाऱ्या छांदिष्टांना डिझेल आवडले नव्हते, आणि त्यांचा राग समजण्यासारखा आहे. वाफेच्या इंजिनाचे सगळे काम उघड्यावर चालते : दांडे फिरताना दिसतात, वाफ सुटताना दिसते, आग दिसते. डिझेलचे सगळे पत्र्याच्या आत. ल्यूशस बीबी यांनी १९३८ मध्ये 'हाय आयर्न' हे पुस्तक काढून रेल्वेच्या छायाचित्रांना घरच्या अल्बममधून ग्रंथाच्या पानावर आणले. त्यांच्या पिढीची नजर वाफेवर घडली होती आणि ती शेवटपर्यंत तिथेच राहिली. ओ. विन्स्टन लिंक यांनी १९५५ ते १९६० या काळात नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेच्या अखेरच्या वाफेच्या गाड्या रात्री फ्लॅशबल्बांच्या उजेडात टिपल्या. ती चित्रे आज संग्रहालयांत आहेत. 'ट्रेन्स' मासिकाचे संपादक डेव्हिड पी. मॉर्गन आणि पेशाने डॉक्टर असलेले छायाचित्रकार फिलिप हेस्टिंग्ज यांनीही त्याच दशकात उरलीसुरली वाफ शोधत देश पालथा घातला. हे काम थोर आहे. पण त्याच वर्षांत त्याच रुळांवरून धावणाऱ्या डिझेलच्या मालगाड्यांना रोलमध्ये उरलेली एखाद-दुसरी फ्रेम मिळाली, ती मिळाली.

म्हणून डिझेल मालगाडीच्या सुरुवातीच्या काळाचे चित्र आपल्याला मुख्यतः पगारी छायाचित्रकारांकडून मिळते. कारखान्यांनी आणि रेल्वे कंपन्यांनी जाहिरातीसाठी फोटो काढून घेतले. त्यांत इंजिन नवे कोरे, आकाश स्वच्छ आणि गाडी मुद्दाम उभी केलेली असते. हे फोटो खोटे नाहीत, पण सजवलेले आहेत. रंगसंगती, पट्टे, बोधचिन्हे अचूक कळण्यासाठी त्यांच्याइतका भरवशाचा पुरावा नाही. सरकारी नोकरीतला जॅक डेलानो मात्र वेगळ्याच जातीचा. युक्रेनमध्ये जन्मलेला, लहानपणी अमेरिकेत आलेला हा माणूस १९४२-४३ मध्ये युद्धकाळातल्या रेल्वेचे चित्रण करायला निघाला. शिकागोच्या यार्डांत तो हिवाळ्यात फिरला आणि पुढे सँटा फेच्या मालगाड्यांबरोबर थेट कॅलिफोर्नियापर्यंत गेला. त्याच्या चित्रांत वाफेची इंजिने जास्त, डिझेल थोडे. तरीही या पुस्तकाच्या दृष्टीने तो मूळपुरुष आहे, कारण मालगाडी म्हणजे माणसांचे काम आहे हे त्याला दिसले. गार्डाच्या डब्यात टेबलाशी बसून कागद भरणारा कंडक्टर, कंदील घेऊन यार्डात चालणारा स्विचमन, आयोवातल्या क्लिंटनच्या शेडमध्ये इंजिन धुणाऱ्या बायका : ही माणसे त्याने रंगीत फिल्मवर टिपली. ती चित्रे वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि कोणालाही पाहता येतात.

पुढे छांदिष्टांनी डिझेल स्वीकारले. काहींनी नाइलाजाने, काहींनी मनापासून. त्यांच्या कामात ढोबळपणे तीन धारा दिसतात, आणि नव्या वाचकाने त्या ओळखायला शिकावे. पहिली धारा नोंदीची. इंजिन किंवा वाघीण उन्हात उभी, कॅमेरा काटकोनाच्या आसपास, चाकांपासून छतापर्यंत सगळे स्पष्ट, नंबर वाचता येणारा. असा फोटो सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखा असतो : रूप काही नाही, पण वाद निघाला की त्याच्याशिवाय निकाल लागत नाही. हजारो माणसांनी निमूटपणे असे फोटो काढले, टपालाने एकमेकांना पाठवले, वह्यांत नोंदवून ठेवले. कलासमीक्षक या धारेला मोजत नाहीत. माझ्या मते हा मोठा अन्याय आहे, आणि या पुस्तकाने त्यांना मानाचे पान दिले याचा मला आनंद आहे.

दुसरी धारा तीन-चतुर्थांश कोनाची. सूर्य छायाचित्रकाराच्या खांद्यामागे, गाडी समोरून येताना किंचित तिरकी, इंजिन मोठे आणि मागचे डबे निमुळते होत गेलेले. बीबींनी ही चौकट लोकप्रिय केली आणि मासिकांनी ती जवळजवळ सक्तीची केली. तिचा तोटा उघड आहे : डबे जितके निमुळते, तितके ते वाचायला अवघड. तिचा फायदा असा की सगळेच सारखे फोटो काढत असल्यामुळे तीस वर्षांच्या अंतराने एकाच वळणावर काढलेली दोन चित्रे शेजारी ठेवता येतात आणि मधल्या काळात काय बदलले ते लगेच दिसते.

तिसरी धारा मोकळ्या नजरेची, आणि तिचे सर्वात मोठे नाव रिचर्ड स्टाइनहायमर. १९२९ मध्ये शिकागोत जन्मलेले, कॅलिफोर्नियात वाढलेले, काही काळ वृत्तपत्राचे छायाचित्रकार. त्यांनी खांद्यामागचा सूर्य सोडून दिला. सदर्न पॅसिफिकच्या गाड्या त्यांनी डॉनर खिंडीतल्या बर्फात, रात्रीच्या यार्डात, पावसात, समोरून येणाऱ्या उन्हात टिपल्या. कधी चालत्या इंजिनावरून. त्यांच्या फोटोत इंजिन पुष्कळदा लहान असते आणि डोंगर, वादळ किंवा काळोख मोठा. गाडीला किती मोठ्या निसर्गाशी झुंजावे लागते हे त्यामुळे पहिल्यांदा डोळ्यांना दिसले. पूर्वेकडे न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावचे जिम शॉनेसी हेच काम रात्रीच्या उजेडात करत होते. हेस्टिंग्ज यांचेही या धारेशी जवळचे नाते. यांतल्या कोणालाही डिझेल सुंदर आहे असे सिद्ध करायचे नव्हते. गाडी जिथे आहे ती जागा त्यांनी पाहिली, आणि डिझेल त्या जागेत बरोबर बसले. सत्तरच्या दशकात लांब पल्ल्याच्या लेन्स आल्या, उष्णतेच्या लाटांत थरथरणाऱ्या गाड्यांचे फोटो निघू लागले. तो भाग या पुस्तकात थोडाच आहे आणि तेवढा पुरे आहे.

या तिन्ही धारांना एका गोष्टीने बांधून ठेवले होते, ती म्हणजे फिल्म. आज मोबाईलवर धावत्या गाडीचा फोटो काढणाऱ्याला याची कल्पना येणार नाही. ३५ मिलिमीटरची कोडॅक्रोम फिल्म १९३६ मध्ये बाजारात आली आणि तिची संवेदनशीलता होती सुमारे १०. लख्ख उन्हात एवढ्या मंद फिल्मवर गाडीची हालचाल गोठवायची, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागात फोटो घ्यायचा, तर लेन्स जवळपास पूर्ण उघडावी लागे; मग खोली मिळत नसे आणि इंजिनामागचे डबे धूसर होत. म्हणून चाळीस-पन्नासच्या दशकांतले रंगीत फोटो पाहा : गाडी बहुधा उभी आहे, किंवा चढावर सावकाश चालली आहे, किंवा कॅमेऱ्याकडे जवळपास सरळ येते आहे, कारण त्या कोनात हालचाल कमी दिसते. ढगाळ दिवसाचे रंगीत फोटो जवळजवळ नाहीतच. त्या काळी अमेरिकेवर सदैव ऊन पडत होते असा समज हे फोटो पाहून होतो, तो फिल्मच्या मर्यादेमुळे. पाऊस आणि धुके पाहायचे तर कृष्णधवल चित्रांकडेच जावे लागते. १९६१ मध्ये २५ संवेदनशीलतेची कोडॅक्रोम आली आणि हात थोडा मोकळा झाला.

रंगांचेही तसेच. कोडॅक्रोमची स्लाइड अंधारात नीट ठेवली तर अर्धशतकानंतरही तिचे रंग जवळपास तसेच राहतात. तिच्या काळातल्या एक्टाक्रोमचे तसे नाही; त्या स्लाइडांतला निळा-हिरवा उडतो आणि सगळे दृश्य गुलाबी-तांबूस होते. असा फोटो पाहून इंजिनाचा मूळ रंग ठरवणे धोक्याचे. कोडॅकने २००९ मध्ये कोडॅक्रोम बनवणे बंद केले आणि ती धुणारी जगातली शेवटची प्रयोगशाळा कॅन्ससमधल्या पार्सन्स गावची होती. ३० डिसेंबर २०१० ही फिल्म स्वीकारण्याची अखेरची तारीख. त्या शेवटच्या दिवसांत आर्कान्सामधला एक रेल्वे कामगार १,५८० रोल धुऊन न्यायला गाडीने तिथे गेला होता, आणि त्या रोलांवर जवळजवळ सगळ्या रेल्वेगाड्या होत्या. छायाचित्रणाच्या इतिहासात मालगाडीच्या छांदिष्टांची जागा कोणती, याचे यापेक्षा चांगले उत्तर मला माहीत नाही.

आता वाघिणींकडे. या पुस्तकात तेहाचपी घाटातली एक स्लाइड आहे. कॅलिफोर्नियातला हा मार्ग १८७६ चा. डोंगर चढताना तिथे रूळ पूर्ण वळसा घेऊन स्वतःच्याच वरून जातो, आणि गाडी पुरेशी लांब असली तर तिचे इंजिन तिच्याच शेपटावरून जाताना दिसते. स्लाइडची मूळ पुठ्ठ्याची चौकट हरवली आहे. कोडॅक त्या पुठ्ठ्यावर फिल्म धुतल्याचा महिना आणि वर्ष छापत असे. तो पुरावा गेला. तरी फोटो स्वतःच बोलतो. पुढचे इंजिन करडे, नाक लाल : सदर्न पॅसिफिक. इंजिनाच्या मागच्या भागात हवा आत घेण्याच्या जाळ्या छतालगत नसून खाली, पायवाटेच्या पातळीला आहेत. डॉनरच्या बोगद्यांत पुढच्या इंजिनांची गरम हवा छताला साचायची, मागची इंजिने तीच हवा ओढून तापायची. म्हणून खालची थंड हवा ओढणारी ही खास रचना १९७२ पासून केली गेली. म्हणजे फोटो त्यानंतरचा. इंजिनाच्या पुढच्या भागात, रुळालगत, जोडीचे जादा दिवे नाहीत. ते अमेरिकेत १९९७ अखेर सक्तीचे झाले. ही दोन टोके झाली, पण मधले अंतर फार मोठे आहे.

ते अंतर डबे कमी करतात. चौथी वाघीण नारिंगी, पॅसिफिक फ्रूट एक्स्प्रेसची, फळे-भाजीपाला नेणारी. तिच्या शेजारच्या बंद वाघिणीच्या छतावर चालायची फळी अजून आहे. पूर्वी ब्रेकमनला धावत्या गाडीच्या छतावरून चालत जाऊन हातब्रेक आवळावे लागत. कित्येक जण त्यात गेले. १९६६ नंतर बांधलेल्या बंद वाघिणींना ही फळी नसे आणि जुन्यांवरची हळूहळू काढली गेली. त्याच वाघिणीच्या कुशीवर रंगीत आडव्या पट्ट्यांची एक उभी पाटी धुळीने माखलेली दिसते. १९६७ पासून प्रत्येक वाघिणीवर अशी पाटी लावून रुळाशेजारच्या यंत्राने ती वाचायची योजना होती. धुळीने यंत्र वाचीना, आणि १९७७ मध्ये ती सोडून दिली. पाटी पुसलेली नाही एवढ्यावरून फार काही सिद्ध होत नाही. पण खाली चाकाजवळ काळ्या चौकोनात एक पिवळा ठिपका आहे. १९७८ मध्ये एका प्रकारची सदोष चाके हुडकण्यासाठी वाघिणी तपासल्या गेल्या आणि चाके ठीक असलेल्यांवर पिवळा ठिपका रंगवला गेला. म्हणजे फोटो १९७८ किंवा नंतरचा. पुढे एक आकाशी वाघीण रॉक आयलंड रेल्वेची आहे. ही कंपनी ३१ मार्च १९८० ला बंद पडली, पण तिच्या वाघिणी त्याच रंगात पुढे बरीच वर्षे फिरत राहिल्या. तेव्हा तिच्यावरून वरची मर्यादा ठरवता येत नाही. टेकड्या हिरव्या आहेत, आणि त्या भागात गवत पावसाळ्यानंतर, म्हणजे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास हिरवे असते; उन्हाळ्यात ते सोनेरी होते. संपादकांनी खाली लिहिले आहे : '१९७८ नंतर, बहुधा वसंताच्या तोंडावर, सकाळी.' यापेक्षा जास्त त्यांनी लिहिलेले नाही, आणि हा संयम मला या पुस्तकाचा सर्वात मोठा गुण वाटतो.

अशा वाचनाने फोटोतला काळ पक्का होतो, आणि मग त्या काळाचे दुःखही दिसू लागते. साठ-सत्तरच्या दशकांत महामार्गांवरच्या ट्रकांनी अमेरिकेच्या पूर्वेकडच्या रेल्वेचा माल पळवला. १९६८ मध्ये दोन बलाढ्य कंपन्या एकत्र येऊन झालेली पेन सेंट्रल दोन वर्षांत दिवाळखोर निघाली. तिच्या यार्डांत रुळाखालचे लाकूड इतके कुजले होते की उभ्या वाघिणी जागच्या जागी रुळावरून उतरत. या वर्षांचे फोटो गवत, गंज आणि पाण्याने भरलेले आहेत. त्या दोन कंपन्यांपैकी पेन्सिल्व्हेनिया रेल्वेने एके काळी इंजिनांवर सोनेरी पाच-पाच रेघा ओढल्या होत्या. खर्च वाचवण्यासाठी त्या एकीवर आल्या, आणि पेन सेंट्रलच्या काळात सगळेच काळे झाले. रंगाचा खर्च वाचवायची वेळ आली की कंपनीची दशा काय आहे ते हिशेबाच्या वहीआधी फोटोत दिसते. रॉक आयलंडच्या अखेरच्या वर्षांतले धान्याच्या गाड्यांचे फोटो तर पाहवत नाहीत : सुपीक मुलूख, भरलेल्या वाघिणी आणि त्यांच्याखाली वाकडे रूळ.

आता आपल्याकडे. भारतीय रेल्वेने १९५७ मध्ये अमेरिकेच्या अल्को कंपनीची डब्ल्यूडीएम-१ इंजिने आणली, आणि १९६२ पासून २,६०० अश्वशक्तीची डब्ल्यूडीएम-२. अल्कोने तंत्रज्ञान द्यायची तयारी दाखवली, म्हणून वाराणसीत कारखाना उभा राहिला आणि जानेवारी १९६४ मध्ये तिथले पहिले इंजिन बाहेर पडले. गंमत अशी की स्केनेक्टडीच्या अल्कोने १९६९ मध्ये इंजिने बनवणे बंद केले, आणि वाराणसीने पुढे कित्येक दशके त्याच घराण्याची इंजिने बनवली. वेग घेताना सुटणारा काळा धूर, थांबल्या जागी चालणारी ती ठेक्याची धडधड : अल्कोचे हे दोन्ही गुण अमेरिकेतल्या छांदिष्टांना वाफेची आठवण करून देत, आणि फोटोत तो धूर फार देखणा दिसे. मराठी वाचकाला तो परका वाटणार नाही.

असे असूनही आपल्या डिझेल मालगाड्यांची छायाचित्रे फार थोडी आहेत. कारण अमेरिकेतलेच, पण काही दशके उशिराने. आपल्याकडे ब्रॉडगेजवर वाफ १९९५ पर्यंत टिकली. सत्तर-ऐंशीच्या दशकांत जगभरातून आलेले छांदिष्ट वाफेसाठी आले होते. डिझेल आले की ते कॅमेरा खाली करत. इथल्या माणसाला रेल्वेच्या हद्दीत फोटो काढायला परवानगी लागे, रोल महाग होता, आणि मालगाडीवर रोल खर्च करणे घरात कोणाला समजावून सांगणे सोपे नव्हते. बोर आणि थळ घाटांत १९३० च्या सुमारासच विजेची इंजिने आली, त्यामुळे महाराष्ट्रातली डिझेल मालगाडी घाटाच्या प्रसिद्ध देखाव्यांत नाही; ती दौंड-मनमाड मार्गावर, साखर कारखान्यांच्या मुलुखात आहे, पुणे-मिरज मार्गावर आहे, मराठवाड्यात आहे. गोव्यात ब्रागांझा घाटात सदतिसात एक चढावर मीटरगेजची वायडीएम-४ इंजिने खनिजाच्या गाड्या सांभाळत, त्यांचे फोटो तर आणखीच दुर्मीळ. कोकण रेल्वेवर १९९९ पासून कोलाड ते वेर्णा ट्रक पाठीवर घेऊन जाणाऱ्या डिझेलच्या गाड्या मात्र पुष्कळांनी टिपल्या, कारण तोवर कॅमेरे स्वस्त झाले होते.

मग जुने भारतीय फोटो कुठे सापडतात? दुसऱ्याच फोटोंच्या मागे. स्टेशनावर निरोप द्यायला जमलेले कुटुंब, बदली झालेल्या मास्तरांचा सत्कार, पूर पाहायला पुलावर गेलेली पोरे; आणि त्यांच्या खांद्यामागे साईडिंगला उभी मालगाडी. तिच्या चारचाकी बंद वाघिणी, कुशीवर रेल्वेची अक्षरे, शेवटच्या दुरुस्तीची तारीख. ऐंशीच्या दशकात बॉक्सएन वाघिणी आल्या, हवेचे ब्रेक आले आणि त्या चारचाकी वाघिणी हळूहळू दिसेनाशा झाल्या. अमेरिकेच्या फोटोंवर शिकलेली रीत इथे तशीच लागू पडते : इंजिन धूसर असले तरी चालेल, डबे वाचा.

हे सगळे आत्ता का सांगायचे, तर डिझेलचीही वेळ भरत आली आहे. कोकण रेल्वेचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले. वाराणसीच्या कारखान्याच्या नावातून डिझेल हा शब्द २०२० मध्ये गेला आणि आज तिथे विजेची इंजिने बनतात. ज्यांनी १९६० ते १९९० मध्ये हे फोटो काढले, मग ते ओहायोत असोत की औरंगाबादेत, त्यांची पिढी आता जाते आहे. अमेरिकेत मॅडिसनला १९९७ मध्ये रेल्वे छायाचित्रणासाठी एक केंद्र उभे राहिले आणि तिथे असे संग्रह नीट जपले जातात. तरीही पुष्कळ संग्रह एकेक स्लाइड करून लिलावात विकले जातात. स्लाइड एकाकडे जाते, नोंदींची वही दुसरीकडे किंवा रद्दीत. वही गेली की फोटोचा अर्धा जीव गेला. दुसरा धोका नवा आहे : जुन्या कृष्णधवल फोटोंना संगणकाकडून रंग देणे. ज्या कंपन्यांच्या रंगांच्या नोंदी उपलब्ध आहेत त्यांच्या इंजिनांवर अंदाजाने रंग फासणे मला अक्षम्य वाटते. या पुस्तकात असे एकही चित्र नाही.

पुस्तकाची मांडणी इंजिनांच्या जातींनुसार नाही. ती मालानुसार आहे. कोळसा, धान्य, फळे, लाकूड, मोटारी, आणि ज्यांत सगळेच मिसळलेले आहे अशा गाड्या. इंजिनांची जंत्री हवी असणाऱ्यांसाठी उत्तम ग्रंथ आधीच आहेत. प्रत्येक चित्राखाली ठिकाण, गाडीची दिशा, वाचता आल्या तेवढ्या वाघिणींची नावे आणि काळ कशावरून ठरवला ते दिले आहे. जिथे ठरला नाही तिथे जागा मोकळी आहे. वाचकांनी हातात एक साधे भिंग घेऊन बसावे.

भारतीय भाग लहान आहे, तो वाढावा अशी संपादकांची इच्छा आहे. घरच्या अल्बममध्ये कोणाच्या मागे मालगाडी दिसली तर तो फोटो वेगळा काढा. घरातल्या सर्वात वडीलधाऱ्या माणसाला दाखवून स्टेशन कोणते आणि साल कोणते ते विचारा, आणि मागच्या बाजूला, कडेला, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहून ठेवा. बॉलपेनने लिहू नका. त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि नेमकी वाघिणीवरची अक्षरे त्यात जातात.